तीन बरण्यांच्या मधोमध

डेपोच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, हवा सोडली आणि काट्याकडे बघून जे "हं" केलं, ते सातनंबरला मुळीच आवडलं नाही.

सातनंबर म्हणजे सात नंबरच्या बसचा ड्रायव्हर. इतकी वर्षं त्याने हा एकच मार्ग चालवला होता की डेपोत, गल्लीत आणि चिडल्यावर बायकोच्या तोंडीसुद्धा त्याचं हेच नाव होतं. कुठल्या थांब्यावर कुठली आजी धापा टाकत येणार आणि तिच्यासाठी बस किती हळू काढायची, हे त्याच्या पायाला पाठ होतं. त्यासाठी डोकं लागत नसे.

"प्रेशर वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "मीठ कमी करा. पंधरा दिवसांनी परत बघू. उतरलं तर उत्तम, नाहीतर स्टेअरिंग सोडावं लागेल."

"आणि मग?"

"मग हरवलेल्या वस्तूंची खिडकी. तिथली जागा रिकामीच आहे."

ती खिडकी त्याने पाहिली होती. मागे छत्र्यांचा ढीग, पुढे तावातावाने बोलणारी माणसं आणि मध्ये एक खुर्ची. त्या खुर्चीवर बसून माणूस कुठेही पोहोचत नाही, अगदी पुढच्या थांब्यापर्यंतही नाही.

घरी येऊन त्याने आई, बायको आणि लेक अशा तिघींना समोर बसवून डॉक्टर काय म्हणाले ते शब्द न शब्द सांगितलं. त्यात 'कमी करा' हेही होतं बरं का. पण आपल्या माणसांची एक गंमत असते. एखादी गोष्ट कमी करायची म्हटलं की कोणी जागचं हलत नाही, आणि बदलायची म्हटलं की सगळे पिशवी घेऊन दारात उभे.

"मी कधीची सांगतेय, घरात सैंधव आणा," आई म्हणाली. "माझ्या वडिलांनी जन्मभर सैंधव खाल्लं. जाईपर्यंत बत्तीसच्या बत्तीस दात."

"आई, इथे दातांचं नाही, प्रेशरचं चाललंय," बायको म्हणाली.

"दात धड असले की बाकीचं आपोआप धड राहतं."

"कमी सोडियमचं मीठ मिळतं हल्ली. पाकिटावरच हृदयाचं चित्र असतं. तेच आणणार मी."

"तुम्ही दोघी कुठल्या काळात वावरताय?" लेक म्हणाली. ती रोज सकाळी व्यायामशाळेत जायची आणि येताना नवीन काहीतरी शिकून यायची. "आता सगळे गुलाबी मीठ खातात."

संध्याकाळपर्यंत ओट्यावर तीन बरण्या लागल्या. आईच्या सैंधवाचे खडे, बायकोचं हृदयवालं आणि लेकीचं गुलाबी, तेही झाकण फिरवलं की दळून पडणाऱ्या काचेच्या बाटलीत. आता खरं सांगायचं तर आईचं आणि लेकीचं मीठ एकच होतं. किराणावाल्याने एकाच पोत्यातून आजीला कागदाच्या पुडीत बांधून दिलं होतं आणि नातीला बाटलीत भरून. पण गिऱ्हाईकांच्या घरात तोंड घालायचं नाही, एवढी अक्कल त्याला धंद्याने शिकवली होती. त्यामुळे आजी नातीच्या मिठाला "ते रंग लावलेलं" म्हणायची आणि नात आजीच्या मिठाला "ते जुनाट दगड".

पुढे जे झालं ते नीट समजून घ्या, कारण यात कोणाचीच चूक नव्हती. प्रत्येकीचं म्हणणं असं, की बाकीच्या दोघी घालतात ते मीठ आणि आपण घालतो ते औषध. आणि औषध चुकवून कसं चालेल? बायको भाजी फोडणीला टाकतानाच हृदयवालं मीठ घालायची. ती कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की आई हळूच येऊन झाकण उचलायची आणि सैंधवाचे दोन खडे आत सोडायची. पानं वाढून झाली की लेक बापाच्या मागे उभी राहून बाटलीचं झाकण फिरवायची, खर्रर्र. "वरून घेतलेलंच अंगाला लागतं, बाबा."

सातनंबर मुकाट जेवायचा. माया अंगावर येते तेव्हा माणसाने मान खाली घालावी, एवढंच त्याला कळत होतं.

हे कमी पडलं म्हणून की काय, बसमध्ये कंडक्टर होता. तो दुपारी काकडी कापायचा आणि त्यावर सढळ हाताने काळं मीठ भुरभुरायचा.

"मला मिठाचं पथ्य आहे रे," सातनंबर म्हणाला.

"दादा, काळं मीठ हे मीठच नाही. ते पाचक."

आठवडा भरायच्या आत सातनंबरची तहान अशी वाढली की पाण्याची बाटली शेवटच्या थांब्याआधीच रिकामी व्हायला लागली. आता एवढं पाणी आत गेलं की ते बाहेरही येणारच. मार्गाच्या बरोबर मध्यावर वाचनालय होतं आणि वाचनालयात स्वच्छतागृह. पहिल्या दिवशी त्याने बस तिथे कडेला घेतली, प्रवाशांकडे न बघता उतरला आणि धावत आत गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तो धावत बाहेर आला तेव्हा फुटपाथवर चार माणसं रांग लावून उभी होती.

"काय हो, काय झालं?"

"सात नंबर इथे थांबते ना आता?" रांगेतल्या बाई म्हणाल्या. "फार सोय झाली बघा. आमचं घर मागेच आहे."

पुढच्या दोन दिवसांत कोणीतरी तिथे बाकडं आणून ठेवलं. मग भाजीवाली आली. आणि मग डेपोतून वाहतूक साहेबांचं बोलावणं आलं, कारण कंडक्टरने ही हकीकत कँटीनमध्ये भरपूर तिखटमीठ लावून सांगितली होती.

"हा थांबा कोणी मंजूर केला?" साहेबांनी विचारलं.

"कोणी नाही, साहेब. तो आपोआप झाला."

"तुमची तपासणी आहे ना लवकरच?" साहेब एवढंच म्हणाले आणि खिडकीतून पलीकडे बघत राहिले. पलीकडे हरवलेल्या वस्तूंचं ऑफिस होतं.

त्या रात्री लेकीने मैत्रिणीकडून प्रेशर मोजायचं यंत्र आणलं. तिघी वाकून बघायला लागल्या. आकडा डॉक्टरांच्या आकड्याच्याही वर गेला होता.

"हे त्या रंगाच्या मिठाने," आई म्हणाली.

"हे तुझ्या दगडांनी, आजी. मी झाकण उचलताना पाहिलंय तुला."

बायकोने दोघींकडे पाहिलं. "म्हणजे तुम्हीपण घालता? आणि तूपण?"

अशा वेळी शहाणी माणसं हिशोब करतात, की अरे, म्हणजे हा माणूस तिप्पट मीठ खात होता. पण तिघींपैकी एकीच्याही मनात हा हिशोब आला नाही. प्रत्येकीला कळलं ते एवढंच, की आपल्या चांगल्या मिठात बाकीच्या दोघींनी माती कालवली.

मग जे भांडण झालं ते शेजाऱ्यांनी टीव्ही बंद करून ऐकलं. शेवटी बायकोने तिन्ही बरण्या उचलल्या आणि सातनंबरच्या पानासमोर एका ओळीत मांडल्या. "उद्यापासून मी स्वयंपाकात चिमूटभरही मीठ घालणार नाही. आमचं आम्ही वरून घेऊ. तुम्हाला ज्या बरणीतलं हवं ते तुम्ही घ्या. कोण खरं, ते एकदा दिसू दे."

दुसऱ्या दिवशी तो जेवायला बसला. पुढे अळणी भाजी, अळणी भात आणि अळणी सूप. तिघी समोर. त्याने हात सैंधवाकडे नेला, तशी बायकोने पदर डोळ्यांना लावला. हात हृदयवाल्या बरणीकडे वळवला, तर आई म्हणाली, "घे हो, घे. आता काय, बायकोचंच राज्य." हात गुलाबी बाटलीकडे गेला आणि दोघींनी एकदमच सुस्कारा सोडला. बापडा आयुष्यभर ठरलेल्या रस्त्याने गेलेला. तीन फाटे फुटतात तिथे काय करायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. त्याने हात मागे घेतला आणि घास तसाच तोंडात घातला.

"कसं लागतंय?" तिघींनी विचारलं.

"छान लागतंय," सातनंबर म्हणाला, आणि घशाखाली ढकललं.

हाच प्रकार दोन्ही वेळा, रोज. बसमध्येही तो कंडक्टरची काकडी धुवून खायला लागला, कारण काळ्या मिठाचा वास घरी कळला तर चौथा पक्ष उभा राहील अशी त्याला धास्ती होती. तहान ओसरली. वाचनालयापाशी थांबायची गरज उरली नाही, पण बाकड्यावरच्या बाईंकडे बघून त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

तपासणीच्या दिवशी तिघीही डेपोत आल्या. रस्त्यात प्रत्येकीने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टरांनी विचारलं तर माझ्या मिठाचं नाव सांगायचं," आणि त्याने प्रत्येकीला "हो" म्हटलं. डॉक्टरांच्या खोलीचं दार नीट लागत नसे. फटीबाहेरच बाक होतं आणि बाकावर तिघी.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, हवा भरली आणि सहज विचारलं, "मग, कुठलं मीठ खाता सध्या?"

बाहेरचं बाक करकरलं. सातनंबरने फटीत तीन डोळे पाहिले, प्रत्येकीचा एक. काटा सरसर वर चढला.

"अरेच्चा," डॉक्टर म्हणाले.

सातनंबरला छत्र्यांचा ढीग दिसायला लागला. पण इतक्या वर्षांत त्याने भल्याभल्या गर्दीत बस काढली होती. तो म्हणाला, "साहेब, ते दार जरा लावून घेता का? आणि पुन्हा मोजा."

डॉक्टर उठले. फटीकडे बघून थबकले, मग दाराला खुर्ची टेकवून परत आले. पुन्हा हवा भरली. काटा चढला, खाली आला आणि जिथे थांबायला हवा बरोबर तिथेच थांबला. डॉक्टरांनी खात्रीसाठी तिसऱ्यांदा मोजलं आणि कागदावर सही ठोकली. "चालवा बस."

सातनंबरचे डोळे भरून आले. तो उठायला लागला, तशी डॉक्टरांनी त्याची बाही धरली. दाराकडे एकदा बघून, आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, "खरं सांगा, कुठलं मीठ? माझंही वाढलंय हो. आणि घरी आईचं एक मत, बायकोचं दुसरं. दोघी रोज बरण्या बदलतात."

सातनंबरने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला त्यांची मनापासून दया आली.

"साहेब, बदलू नका," तो म्हणाला. "सगळ्या बरण्या टेबलावर मांडा, दोघींना समोर बसवा आणि तुम्ही मधोमध जेवायला बसा."

"आणि मीठ कुठलं घ्यायचं?"

"बसून तर बघा. हात पुढे होतच नाही."