सुईला न भिणारे पारसशेठ

आमच्या बदनापुरात दरवर्षी रक्तदान शिबिर भरवायचे पारसशेठ, आणि त्यात हमखास रक्त न देणारा माणूसही पारसशेठच. मोंढ्यात त्यांची धान्याची आडत. मांडव त्यांचा, चहा त्यांचा. "शेठ, आता तुम्ही," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बिलकुल! पण आज न्हाई." कधी उपवास, कधी दाढ ठणकू राह्यलेली. नुसता रक्तगट विचारला तरी त्यांना दुकानातलं गिऱ्हाईक आठवायचं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. एका शिबिरात माईकवरून म्हणालो, "शेठ सुईला भितात, टाळ्या वाजवा!" मांडव हसला, शेठही हसले. तेव्हापासून मोंढ्यात ते 'सुईशेठ'. आता मी ऐंशीच्या घरात आहे. ते नाव खोटं होतं, एवढं सांगायचं राहिलंय. ज्यांना विचारायचं त्यांना विचारूनच लिहितोय.

त्या शिबिरानंतर शेठ माझ्या घरी आले. दार लोटून घेतलं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मास्तर, बाप एबी असला तर पोरगा ओ होत न्हाई. पक्कं?"

"पक्कंच म्हणा. एबीवाला बाप लेकराला एक तर ए देतो, नाहीतर बी. ओ व्हायला यातलं एकही नको."

"काही सूट?"

"सूट द्यायला ही काय तुमची आडत आहे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"मी एबी. आमचा विनय ओ. मेव्हणीचं लेकरू हाय ते. ती बाळंतपणात गेली, बापानं तोंड फिरवलं. मंग आम्ही आणलं. त्याला कधी सांगितलं न्हाई. तुम्ही त्याच्या वर्गात हा धडा घेतला, तवापासून मला झोप न्हाई."

हे मी कुणालाच सांगितलं नाही, विनयलाही नाही. विनय मोठा झाला, आडत बघू लागला.

मागच्या वर्षी शेठना हर्नियाचं दुखणं लागलं. ऑपरेशन टाळायचे. पोट दाबून गादीवर बसायचे आणि तशातच सोयाबीनचा भाव करायचे. मला म्हणाले, "चिरायला न्हाई भीत मी. त्याच्या आधी गट तपासतात."

शेवटी विनयनं त्यांना उचलून गाडीत घातलं. मीही निघालो. जालन्याच्या दवाखान्यापर्यंत शेठनी माझा हात सोडला नाही. "गटाचा कागद आधी तुम्ही घ्या, मास्तर. जल्दी घ्या."

नर्सनं कागद विनयच्या हातात दिला.

त्यानं वाचला. परत वाचला. माझा विद्यार्थी तो. शेठ भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"रक्त लागेल कदाचित. सोय करून ठेवा," नर्स म्हणाली.

विनयनं कागदाची घडी घातली. मग माझ्याकडे वळला.

"सर, ओचं एबीला चालतं. बराबर ना?"

"चालतं."

तो बाही दुमडत नर्सच्या मागे निघाला.

तोंड न वळवताच शेठ ओरडले, "ओ सिस्टर! सकाळपासून उपाशी हाय ते. आधी काही तरी खाऊ घाला त्याला!"