रहिमतपूरच्या वलिम्याची आणि भिजल्या मटकीची बखर

पुरते जाणणारा तो वरचा एकच, बाकी कुल दुनिया अदमासावर चालते, हे स्मरून हकीकत लिहिली जाते ती ऐसी. कसबे रहिमतपूर येथील फळफळावळीचे सरदार, राजमान्य दिलावरभाई बागवान, यांचे चिरंजीव आसिफ यांचा वलिमा, म्हणजे निकाहानंतरची वराकडील मेजवानी, मुक्रर जाहला, आणि त्या वलिम्यास बिर्याणीच्या डेगा किती चढवाव्या या एका सवालावर थोर रण माजले. त्यात कोण कैसे झुंजले, कोणाची अक्कल कोठे चालली आणि कोठे अडली, हे पुढील पिढ्यांस कळावे म्हणोन अवघा करीना येथे मांडिला आहे. यात मसाला आहे तो डेगेतला, लिहिणाराचा नाही.

मूळ दुःख ऐसे. मागे थोरली कन्या फिरदोस हिचा निकाह शिरवळच्या हाजीसाहेबांच्या घराण्यात, आपल्याच मांडवी जाहला, तेव्हा अखेरच्या पंगतीस खुद्द हाजीसाहेब बैसले आणि बिर्याणी सरली. पळी डेगेच्या तळावर खणखणली, तो आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला, आणि मग व्याह्यांच्या ताटात पांढरा भात आणि वर डाळीचा दालचा पडला. हाजीसाहेब थोर मनाचे, ते काही बोलले नाहीत, आणि बोलले नाहीत हेच दिलावरभाईंच्या काळजात रुतून बसले. त्या दिवसापासून गिऱ्हाईक पेरू निवडता निवडता पुसे, "दिलावरभाई, आसिफच्या टायमाला घरनं डबा घिऊन येऊ का?" आणि दिलावरभाई वरकरणी हसत, आणि मग तोलण्यात चुकत.

म्हणोन या खेपेस त्यांनी कसम घेतली की शिरवळकर तृप्त होऊन उठतील तरच बाजारपेठेत मान वर करीन. त्यावर बेगम सुरय्या यांनी बजावले की कमी पडले तर इथे तोंड लपवावे लागेल हे खरे, परंतु उरून उकिरड्यावर गेले तर वरती जाब द्यावा लागेल, अन्न नासणे हा गुन्हा आहे. ऐसी दोहीं बाजूंनी कोंडी जाहली. त्यात बावर्ची फारूकभाई, दम देण्यात ज्यांचा हात धरणारा सातारा प्रांतात कोणी नाही, यांचे फर्मान आले की डेगांचा आकडा आदल्या सांजेस हाती पडला पाहिजे, त्याउपर बकरी, तांदूळ, लाकूड यांची तजवीज होणे नाही.

आवतणाची स्वारी सुरय्याबेगमांचे बंधू लालासाहेब मामू यांजकडे होती. ते फटफटीवर आरूढ होऊन गल्लोगल्ली हिंडले, आणि घराघराचा जबाब घेऊन परतले. जबाब कैसे? या मुलखाची रीत ऐसी की आवतणास कोणी तोंडावर नकार देत नाही, दिला तर यजमानाची आब जाते. तेव्हा कोणी म्हणाला येतो की, कोणी म्हणाला आलोच समजा, कोणी बघू, कोणी जमवतो गड्या, कोणी इन्शाअल्लाह. मामूंच्या हिशेबी अवघे गाव येणार होते, आणि दिलावरभाईंच्या अनुभवी अवघे गाव कधी कोठे येत नसते.

त्या समयी धाकटी कन्या अर्फा, संख्याशास्त्राची एमएस्सी पुरी करून नुकतीच घरी दाखल जाहलेली, ओट्यावर बसून हे जबाब ऐकत होती. तिला लहानपणापासून खोड ऐसी की कोणी 'थोडे' म्हटले की किती थोडे, हे पुसल्याविना घास उतरू नये. तिने खलबतात अर्ज केला की येणारांचा संच कुंपणाचा नाही, धुक्याचा आहे. विद्यापीठात याला फझी सेट म्हणतात. यात कोणी पुरता आत नाही आणि कोणी पुरता बाहेर नाही, ज्याचा त्याचा हिस्सा शून्यापासून एकापर्यंत कोठेही असतो. मग खलबतातील मंडळींचे चेहरे पाहून तिने एकाचे सोळा आणे केले, आणि म्हणाली की 'आलोच समजा' यास बारा आणे धरू, 'येतो की' यास आठ, 'बघू' यास चार, आणि अवघे आणे जमवून डेगा काढू.

यावर लालासाहेब मामू मांडी थोपटून हसले. "आठ आणे मानूस? म्हंजे कमरंपतुर येनार व्हय गं? आन् जेवनार कशानं?"

सभा खिदळली. अर्फा रागावली नाही, तिने पाटीतली एक पपई उचलून वडिलांच्या हाती दिली.

"अब्बा, ही पिकलीय का?"

दिलावरभाईंनी अंगठा दाबून पाहिला, नाकाशी नेली. "पिकली म्हन्लं तर पिकली. देठाकडं कच्ची हाय अजून. आज कापशील तर बेचव, परवा कापशील तर साखर."

"मग पिकलेल्यांत धरायची का कच्च्यांत?"

"दोन्हीत थोडी थोडी. म्हनून तर मधल्या पाटीत ठेवतो."

"बास. 'येतो की' म्हणणारं घर मधल्या पाटीतलं आहे. आणि मामू, माणूस कमरेपर्यंत येत नाही, पण घर येतं. निम्मं जेवायला येतं, निम्मं म्हाताऱ्यापाशी राहतं."

दिलावरभाईंनी उभ्या आयुष्यात फळे ऐसीच लावली होती, त्यास नाव असते हे त्यांस आज कळले. त्यांनी तत्काळ कन्येस मोहिमेची मुखत्यारी दिली. मग अर्फेने दुकानाच्या शटरवर खडूने घरे मांडली, घरापुढे माणसे मांडली आणि माणसांपुढे आणे मांडले, आणि बेरीज करून जाहीर केले की तीन डेगा पुरेत. फारूकभाईंकडे निरोप रवाना होण्याच्या बेतात होता, इतक्यात घात जाहला.

घात समजण्यास आवतणाचा कायदा समजला पाहिजे. आवतण दोन जातींचे. घरटी म्हणजे घरामागे एक माणूस. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटू नये, लेकराबाळांसह सगळे घर आपल्या मांडवात. दिलावरभाईंचा हुकूम ऐसा होता की आपल्या गल्लीस चूलबंद आणि बाकी गावास घरटी, आणि अर्फेची बेरीज त्याच पायावर उभी होती. तो वेशीकडच्या आळीतील अंजनाबाई, घरटी आवतणाच्या मानकरी, दारी येऊन सुरय्याबेगमांस म्हणाल्या, "भाभी, उद्या आमची चूल बंद बरं का. नणंदंलाबी बोलावून घेतलीया. मी तर मटकीसुदिक भिजत घातली न्हाई."

मामूंस हुजूर बोलावण्यात आले. ते टोपी काढून उभे राहिले.

"दारात हुबा ऱ्हायलो की लेकरं भवतीनं गोळा हुयाची," ते म्हणाले. "त्यांच्या तोंडाकडं बघत 'तुमच्यातलं एकच या' म्हनायला जीभच उचलंना. म्हन्लो चूलबंद."

"किती घरांना म्हणालात?" अर्फेने पुसले.

"एकाला म्हन्लो तर दुसऱ्याला काय वाटंल? समद्यांना."

हे ऐकताच दिलावरभाई पपईच्या पाटीवर बैसले, आणि बसल्या जागी त्यांनी आठ डेगांचा हुकूम सोडला. सुरय्याबेगमांनी तो हुकूम जागीच रोखला. सांज उतरू लागली होती, फारूकभाईंचे फोनावर फोन येत होते, आणि शटरवरची बेरीज रद्दी जाहली होती. अब्बांची मान वर होणे न होणे आता अर्फेच्या शास्त्रावर टांगले होते. परंतु त्याच घडीस तिच्या कानी अंजनाबाईंचे अखेरचे वाक्य पुन्हा घुमले.

मटकी! या कसब्यात सकाळच्या जेवणातल्या उसळीची मटकी आदल्या दिवशी भिजते, घर कोणत्या का धर्माचे असेना. जो उद्या आपल्याकडे जेवणार तो आज मटकी कशास भिजवील? आणि ज्याच्या घरी निम्मी माणसे राहणार, तो निम्मीच भिजवील. जबानी यजमानाची आब राखण्यासाठी दिलेली असते, मटकीस कोणाची आब राखावयाची नसते. तेव्हा आणे तोंडावर न ठरवता पातेल्यावर ठरवावे, ऐसी मसलत करून अर्फेने आईस सारे समजाविले.

मग सुरय्याबेगम रिकामी वाटी घेऊन स्वारीवर निघाल्या, आणि अर्फा मागोमाग निघाली. सबब ऐसी की पाहुण्यांच्या न्याहारीस मटकी कमी आहे, वाटीभर मिळेल काय. बेगम दारात गोड बोलत, आणि अर्फा नजर टाकून पातेले किती भरले ते मनात टिपून घेई. तेव्हा अपूर्व चमत्कार दृष्टीस पडले. ज्यांनी छातीवर हात ठेवून आलोच समजा म्हटले, त्यांच्या ओट्यावर पातेले काठोकाठ भिजत होते. त्यांचे बारा आण्यांचे दोन जाहले. जे तोंड वाकडे करून बघू म्हणाले, त्यांची पातेली कोरडी, पालथी, आणि लेकरांचे ठेवणीतले कपडे दोरीवर. त्यांचे चार आण्यांचे पंधरा जाहले. एके घरी फक्त कपभर मटकी, कारण सासऱ्यांस बिर्याणी सोसत नाही. ते घर बारा आणे पडले. शेजार ऐसा उदार की ज्यापाशी मूठभर होती त्यानेही चिमूट दिली, आणि परतताना वाटीच्या जागी घमेले भरले. मामू ते घमेले डोक्यावर घेऊन मागे चालत होते, ही त्यांची सजा.

एकच गड अजमावता आला नाही. माणदेशचे बिराप्पा, दिलावरभाईंचे जुने स्नेही, ज्यांच्या कळपातून बकरी यावयाची, त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह फिरता तळ, गावाबाहेर रानात उतरला होता. तिथे तीन दगडांची चूल, मटकीचा पत्ता नाही. फोनावर जबाब आला, "बघू. मेंढरं कुनीकडं सरकत्यात त्यावर हाय." अर्फेने आठ आणे मांडले आणि मनाशी कबूल केले की हे आठ आणे माहितीचे नव्हेत, माहिती नसल्याचे आहेत.

पुन्हा बेरीज जाहली, आणि साडेचार डेगा आल्या. फारूकभाई आता जातीने दुकानी दाखल जाहले होते. ते शटरकडे पाहून कडाडले.

"साडेचार? डेग हाय ती पोरी, च्याचा कप न्हवं! अर्ध्या डेगंला दम बसत न्हाई, खालनं करपती. चार सांग न्हाईतर पाच सांग."

शास्त्र धुक्यात चालले तरी अखेर पाय जमिनीवर टाकावा लागतो, हे अर्फा परीक्षेत लिहून आली होती. आज ते अंगावर आले. तिने दोन्ही चुका समोर ठेवल्या. चार म्हणावे आणि कमी पडावे, तर मांडवात त्यास इलाज नाही. पाच म्हणावे आणि उरावे, तर ज्यांच्या घरी मटकी भिजली आहे, म्हणजे जे घरी राहिले आहेत, त्यांस डबे पोचतील आणि नासणार काही नाही. ज्या चुकीस वाट आहे ती पत्करावी. सुरय्याबेगमांनी मान डोलावली, आणि पाच डेगांचे फर्मान सुटले.

दुसरे दिवशी रण पेटले. पंगतीवर पंगत उठली, कोरड्या पातेल्यांची घरे लेकराबाळांसह बरोबर आली, आणि भरल्या पातेल्यांच्या घरून एकेक माणूस येऊन शुभेच्छा देऊन गेला. चार डेगा पडल्या. पाचवी उघडली तेव्हा अखेरची पंगत मांडली जात होती, आणि त्या पंगतीत, मागल्या वेळच्याच बाजूस, शिरवळचे हाजीसाहेब बैसले.

तोच मांडवाच्या तोंडाशी गलका जाहला. पटके, घोंगड्या, काठ्या. बिराप्पा आपल्या वाड्यातील मंडळी घेऊन उभे.

"आवं दिलावरभाई, बघू म्हन्लो हुतो न्हवं? बघाय आलो!"

"समदी आलासा?" दिलावरभाईंनी हसतमुखाने पुसले.

"निम्मीच. आमच्या घरची रंगुबाई आन् बाकीची मेंढरांमागं हायती. त्येंचं बांधून द्या."

त्यांस सन्मानाने पंगतीत घेतले. फारूकभाई झपाझप पळी मारू लागले, आणि अर्फा डेगेशेजारी उभी राहून फक्त कान देऊन ऐकू लागली. पळी भातात रुते तोवर आवाज जड, तळाशी लागली की खणखणीत. जड, जड, जड. मग थोडा हलका. दिलावरभाईंनी तिच्याकडे पाहिले. तिने डेगेत वाकून पाहिले आणि बोटांनी खूण केली की आहे, वाढा. तेव्हा त्यांनी बावर्च्याच्या हातून ताट घेतले, आणि खासे स्वतः शिरवळकरांपुढे गुडघा टेकून बैसले.

हाजीसाहेबांनी पहिला वाढा संपविला. दुसरा संपविला. तिसऱ्यास म्हणाले, "पुरे." परंतु पाहुण्याचे पहिले पुरे हे शिष्टाचाराचे, त्यास चार आणे, म्हणोन दिलावरभाईंनी मटणाची बोटी घातली. मग हाजीसाहेबांनी ताटावर एक हात आडवा धरला. एका हातास दहा आणे, बोटांच्या फटीतून भात जातो, म्हणोन आणखी एक पळी घातली. मग शिरवळकर व्याही दोन्ही हात ताटावर पसरून, वर आपली दाढी टेकवून, सबंध अंगाने ताटावर ओणवे जाहले आणि मांडवभर ऐकू जाईल ऐसे ओरडले, "अहो दिलावरभाई, मारता काय!"

यास सोळा आणे. पळी अद्याप भरलेली होती आणि डेगेत रंगुबाईंच्या वाट्याचे शिल्लक होते. दिलावरभाई बागवान मान वर करून उठले, कन्येकडे पाहिले, आणि मांडवात ज्या ज्या कोणी डब्याची थट्टा केली होती त्या प्रत्येकास त्यांनी नावाने हाक मारून पुसले की भाई, घरी डबा नेणार काय. ऐसी रहिमतपूरच्या वलिम्याची फत्ते जाहली, ती जैसी घडली तैसी नोंदली असे.