ठिपकीचा पट्टा

मुलांनो, हाताची घडी घालू नका. चुळबुळ करतच ऐका.

एका जंगलात मोठ्यांना काही कामधंदा उरला नव्हता. म्हणून त्यांनी बालआरोग्य समिती काढली. अध्यक्ष झाला बिबट्या, कारण तो तंदुरुस्त होता आणि त्याला लहानांची मनापासून ओढ होती. आकड्यांचा अभ्यास घुबडाकडे आला. त्याने पिल्लांना खेळताना कधी पाहिलंच नव्हतं, दिवसभर झोपलेलं असायचं. पण त्याला आलेख काढता यायचे.

प्रत्येक पिल्लाच्या पायात एक पट्टा बांधला. पट्टा पावलं मोजायचा आणि पिल्लू कुठे आहे तेही सांगायचा.

"उड्या मोजतो का?" माकडाच्या पिल्लाने विचारलं.

"उड्या म्हणजे हालचाल नव्हे. वात्रटपणा," घुबड म्हणालं.

महिन्याने घुबडाने पावलांचे आकडे अस्वलवैद्यांच्या वहीशी ताडून पाहिले. जो जास्त पळाला, त्याचं नाव वहीत जास्त वेळा. गुडघा फुटला, शेपूट मुरगळली, काटा रुतला. कासवाचं पिल्लू दिवसाला बारा पावलं चाललं होतं. वहीत त्याचं नावच नाही.

"सिद्ध झालं," घुबड म्हणालं. "हालचालीने आजार होतात."

"अहो, काटा रुतणं हा आजार नाही," अस्वलवैद्य पुटपुटले.

"तुमच्याकडे आलेख आहे?"

"नाही."

"मग बसा खाली."

फतवा निघाला. दिवसाला फक्त बारा पावलं. लगेच आयांची चढाओढ सुरू झाली.

"आमचा आज सातच चालला हो."

"आमची तर नुसती कूस बदलते."

फक्त ठिपकी नावाचं हरणाचं पाडस ऐकेना. ती चोरून पळायची. "आई, पळायला शिकले नाही तर बिबट्या मला खाईल."

"बिबटेकाका म्हणावं. अध्यक्ष आहेत ते."

पंधरा दिवसांत पिल्लं भोपळ्यासारखी फुगली. वैद्यांची टेकडी चढणं कुणालाच जमेना. वही कोरी राहिली. कोऱ्या वहीबद्दल घुबडाला शाल मिळाली.

मग एका दुपारी अध्यक्ष पाहणीला आले. पिल्लं रांगेत बसलेली. अध्यक्षांनी ठिपकीचा पाय हुंगला आणि तोंडात धरला. ठिपकीने लाथ झाडली. पट्टा तुटला, ती सुटली, ओढा ओलांडून पसार झाली. पट्टा अध्यक्षांच्या घशात गेला. ठसका लागल्यामुळे पाहणी तिथेच आटोपली.

अंधार पडल्यावर ठिपकी घरी पोचली तेव्हा घुबड आईसमोर ताजे आकडे घेऊन बसलं होतं.

"आई, बिबट्याने मला खायला धरलं होतं."

घुबडाने मान वर केली नाही. "ठिपकी आत्ता अध्यक्षांच्या गुहेत आहे. पाच हजार पावलं चालली. वाया गेलेली पोर."

"अहो, ही काय, इथेच आहे," आई म्हणाली.

"पट्टा तिथे आहे. म्हणजे ठिपकी तिथे आहे. हिला तिकडे पोचवा, नाहीतर आकडे जुळायचे नाहीत."

आईने ठिपकीकडे पाहिलं. मग आकड्यांकडे पाहिलं. मग ती उठली.

"चल बाळ. काका वाट बघत असतील. आणि तोंड धू आधी."

ठिपकी पुन्हा पळाली. या वेळी आईपासून.

तात्पर्य: मोठ्यांचं नेहमी कान देऊन ऐकावं. ते कुठल्या बाजूने येताहेत ते कळतं, आणि पळायला वेळ मिळतो.