नानांची आखाजी

नाना शिंपी वारले तेव्हा मी वर्गात होतो. शिपायानं निरोप आणला. मी मुलांना सुट्टी दिली आणि त्यांच्या दुकानाकडे गेलो. दुकानाला कुलूप होतं.

एरंडोलात ते दुकान माझ्या घराला लागूनच. वर्षातून एकदा नाना स्वतःला कामावरून काढून टाकत.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेतावरच्या सालदाराचं साल संपतं. पटलं तर तो राहतो, नाहीतर दुसरं घर धरतो. नाना कुणाचे सालदार नव्हते. तरी आखाजीच्या सकाळी ते दुकानाला कुलूप लावत, कात्री आणि टेप गाठोड्यात बांधत आणि स्टँडवर धुळ्याच्या गाडीसमोर जाऊन बसत.

गिऱ्हाइकं तिथे गाठत. "नाना, मनी पोरनं झंपर दे ना!"

"शिंपीले इचार. मी त्याले सोडी दिधं."

मग तिथेच, मालकानं सालदाराला विचारावं तसे, ते स्वतःला तीन प्रश्न विचारत. "हात चालस का? मन लागस का? कोनं अडस का?" पहिल्या दोहोंची उत्तरं काहीही येवोत, तिसऱ्याला, कुणाचं अडतंय का याला, 'हो' आलं की गाठोडं उचलून परत.

एकदा मी विचारलं, "नाना, हे कशाला?"

"मना बाप सालदार व्हता, मास्तर. त्याले कोनी इचारं नही. म्हनीसन मी मले इचारस."

लोक हसत. मला हसू येत नसे. बावीस वर्षं मी तेच धडे शिकवत होतो. गाडीसमोर जाऊन बसायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. देवळाच्या पायरीवरून आत पाहावं तसा मी त्यांच्याकडे पाहत असे.

गेल्या आखाजीला त्यांचा हात कापू लागला होता. बाजारात दोन मशिनींचं नवं दुकान झालं होतं. दुपार झाली तरी झंपर मागायला कोणी आलं नाही. धुळ्याची गाडी लागली. नाना उठले, गाठोडं काखेत घेतलं.

मी घरी धावलो, सदऱ्याचा खिसा ब्लेडनं उसवला आणि स्टँडवर आलो. "नाना, अडलंय हो माझं. उद्या शाळेत तपासणी आहे."

त्यांनी कापड बोटांत धरलं. "हाई फाटेल नही, मास्तर. कापेल शे."

"हो."

त्यांनी सदरा गाठोड्यात खोचला. गाडी सुटली.

"चाल," ते म्हणाले, "खिसा शिवीसन देस."

पुढची आखाजी त्यांनी पाहिली नाही. सदरा माझ्याकडे आहे. खिसा थोडा तिरका बसला आहे. मी त्यात पेन ठेवतो.