पाटे बसेपर्यंत

आपली गाडी डावीकडे कलते, हे सरांनी चार वर्षं मान्य केलं नव्हतं. रस्ताच उजवीकडे चढा आहे, असं ते सांगायचे. सर शाळेत भूमिती शिकवत असल्यामुळे कोनांवरून त्यांच्याशी वाद घालायला कोणी धजत नसे. गाडी वडिलांच्या वेळची, लांब नाकाची, मागची सीट सोफ्याएवढी. फक्त खालचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, थकले होते. खड्डा आला की ती आधी बसायची, मग उठायची आणि मग उगाचच दोनदा डोलायची. बाईसाहेबांकडे, म्हणजे सरांच्या बायकोकडे, अकरा वर्षांपासून लायसन्स होतं. पण "ही गाडी चालवायची नसते, सांभाळायची असते," असं म्हणून त्यांनी स्टिअरिंगला कधी हात लावला नव्हता.

अशात सासूबाईंच्या कमरेचं ऑपरेशन झालं. शनिवारी त्यांना दवाखान्यातून मेव्हण्याच्या घरी पोहोचवायचं होतं.

"मी भाड्याची गाडी सांगते," बाईसाहेब म्हणाल्या.

"घरची गाडी असताना?"

"डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसता कामा नये."

"नाही बसणार. पाटे बदलून घेतो. शॉकअपही नवे टाकतो."

"बघा हं. आई वाटेत एकदा जरी कण्हली, तरी सोमवारी गाडी विकायची. मग कुरकुर चालणार नाही."

सर तावात हो म्हणून बसले. याच गाडीत वडिलांनी त्यांना मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरायला शिकवलं होतं. ती दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहिलेली त्यांना बघवली नसती.

गुरुवारी रजा टाकून सर गॅरेजात हजर झाले. मिस्त्री कसबी, पण घाई न करणारा माणूस. सर गाडीभोवती येरझाऱ्या घालत होते, पाने उचलून बघत होते, भलत्याच जागी ठेवत होते. मिस्त्री ते मुकाट्यानं परत आणत होता. दुपारपर्यंत नवे पाटे चढले. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत.

"झालं ना?" सरांनी सातव्यांदा विचारलं.

"झालं कसं? बोल्ट आवळायचे राहिलेत."

"मग आवळा की."

"असे नाही, सर. गाडी खाली उतरवायची, तिच्या वजनावर उभी करायची, मग आवळायचे. बोल्टाभोवती आत रबर असतं. हवेत आवळलं तर रबर तिथंच धरून बसतं, मग गाडी खाली यायला बघत नाही. मी जेवून येतो, मग करू."

मिस्त्री डबा घेऊन समोरच्या झाडाखाली गेला. सरांनी दहा मिनिटं कशीबशी काढली. अकराव्या मिनिटाला त्यांना वाटलं, बोल्ट तो बोल्ट, हवेत काय नि जमिनीवर काय. त्यांनी पाना उचलला आणि पार पायानं दाबून सगळे बोल्ट आवळून टाकले. मिस्त्री हात धुऊन परत येईपर्यंत सर जॅक उतरवून पसार झाले होते.

घरासमोर गाडी थांबली तेव्हा तिची मागची बाजू वर आणि नाक खाली होतं. रस्त्यात पडलेलं काहीतरी शोधत असावी, तशी ती दिसत होती.

"आईनं चढायचं कसं? शिडी लावून?" बाईसाहेबांनी विचारलं. मग गल्लीत एक चक्कर मारून आल्यावर म्हणाल्या, "आधी झुलायची तरी. आता खडा न् खडा मोजून दाखवते."

सरांनी आतल्या खोलीत जाऊन हळूच मिस्त्रीला फोन लावला.

"बोल्ट कुणी आवळले?" मिस्त्रीचा पहिला प्रश्न.

"एक माहीतगार आहेत आमच्याकडं."

"गाडी खाली उभी करून ना?"

"हो, हो," सर म्हणाले. भूमितीत खोटी सिद्धता दिली तर ते मुलांना बाकावर उभं करायचे.

"मग पाटे नवे आहेत, बसायला वेळ लागेल. मागं वजन टाकून फिरवा."

शुक्रवारी संध्याकाळी सरांनी मागच्या सीटवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचले. गाडी बोटभरही खाली आली नाही. हातात एकच रात्र उरली होती. शेवटी त्यांनी मेव्हण्याला बोलावलं. मेव्हणा एकटाच दोघांच्या वजनाचा, शिवाय स्वभावानं गरीब. आईसाठी म्हणून तो गठ्ठ्यांच्या मधोमध बसला. वसाहतीतल्या गतिरोधकावरून फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक फेरीनंतर सर उतरून पट्टीनं उंची मोजायचे आणि आणखी अस्वस्थ होऊन परत बसायचे.

"भाऊजी, बास आता. चौदा झाल्या," मेव्हणा म्हणाला.

"एकच. जरा जोरात घेतो."

पंधराव्या फेरीला मेव्हणा छतापर्यंत जाऊन आला. मागून कट्‌ असा आवाज झाला. सरांचा चेहरा उजळला.

"बसला पाटा?"

"पाटा नाही भाऊजी. माझी कंबर गेली."

त्याला सरांच्याच घरात, सरांच्याच पलंगावर निजवावं लागलं.  बाईसाहेबांनी सरळ मिस्त्रीला फोन करून सकाळी सातला घरी यायला सांगितलं, आणि सरांना ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

मिस्त्री सकाळी गाडीखाली सरकला आणि तिथूनच बोलला, "हे बोल्ट हवेत आवळलेत. कोण तो माहीतगार?"

सर गच्चीवरच्या टाकीकडे बघू लागले. बाईसाहेब सरांकडे बघू लागल्या.

"कोणी का असेना, त्याला पुन्हा गाडीजवळ फिरकू देऊ नका," मिस्त्री म्हणाला. त्यानं बोल्ट सैल केले. गाडी सावकाश, सुस्कारा सोडत खाली आली आणि दोन्ही बाजूंनी सारखी उभी राहिली. मग त्यानं ते नीट आवळले. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम.

बाईसाहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "ऐकलंत ना मिस्त्री काय म्हणाले ते?"

दवाखान्यातून येताना सर मागे, सासूबाईंच्या पायाशी उशी धरून बसले होते. पहिला गतिरोधक आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा सासूबाईंनी कूस बदलली होती आणि त्या घोरत होत्या. गाडी वाचली. सरांना भरून आलं. त्यांनी खिडकीकडे तोंड करून नाक पुसलं.

मुलगाच अंथरुणाला खिळल्यावर सासूबाईंना त्याच्या घरी ठेवणार कोण? त्याही सरांकडेच उतरल्या. डॉक्टरांनी मायलेकांना महिनाभर रोज सकाळी व्यायामासाठी दवाखान्यात यायला सांगितलं. मागच्या सीटवर सासूबाई आडव्या, पुढच्या सीटवर मेव्हणा तिरका, चालवायला बाईसाहेब. सोमवारपासून सर बसनं शाळेत जाऊ लागले.

पहिल्याच दिवशी ते थांब्यावर घामाघूम उभे असताना गाडी समोरून आली. कुठंतरी कोपऱ्यात मावू, असं वाटून त्यांनी हात केला. गाडी थांब्यापुढच्या गतिरोधकावरून जराही न डोलता गेली आणि वळणावर दिसेनाशी झाली.

"मी हात केला होता," संध्याकाळी सर म्हणाले.

"दिसला की."

"मग थांबायचं ना."

"आईचा नुकताच डोळा लागला होता," बाईसाहेब म्हणाल्या. "ब्रेक मारला असता, तर धक्का नसता बसला?"