मोजूनमापून चुकणारे निमकरकाका

निमकरकाकांच्या घरी जेवायला बसलं की पानाशी पहिली येते ती स्टीलची फुटपट्टी. मीठ नाही, लिंबू नाही, फुटपट्टी. काका ती पुरणपोळीच्या शेजारी नीट समांतर ठेवतात, खुर्चीवर चढतात, वरून फोटो काढतात, उतरतात, चष्मा बदलून फोटो बघतात, "सावली पडली" म्हणतात आणि पुन्हा चढतात. तोवर पोळीवरचं तूप थिजलेलं असतं आणि पाहुणे वरणाकडे आशेने बघत असतात. "काका, पट्टी कशासाठी?" असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"अगं केतकी, त्याशिवाय वाचणाऱ्याला कळणार कसं, पोळी केवढी आहे ते?"

गुरुग्राममधल्या आमच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर काका-काकू राहतात आणि नवव्यावर मी आणि माझा नवरा. काकांनी फरीदाबादच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं तपासनिसाचं काम केलं. यंत्रांचे सुटे भाग मोजायचे आणि केसाएवढा जरी फरक निघाला तरी बाजूला काढायचे. निवृत्त झाल्यावर भाग गेले, मोजायची सवय राहिली. मग तीन वर्षांपूर्वी त्यांनी खाण्यापिण्याचा ब्लॉग सुरू केला. नाव 'मोजून मापून'. करायचं काकूंनी, मोजायचं काकांनी, आणि थंड खायचं आम्ही शेजाऱ्यांनी.

हल्ली सगळे रील करतात. मीही काकांना तसं सुचवून पाहिलं. "रीलमध्ये पदार्थ दिसतो आणि पळतो," ते म्हणाले. "मोजायला सापडतो कुठे?" त्यामुळे दर शनिवारी सकाळी दहा वाजता, प्लस-मायनस दोन मिनिटं, एक पाककृती. हे प्लस-मायनस त्यांच्या बोलण्यात सगळीकडे असतं. वयसुद्धा ते "एकाहत्तर, प्लस-मायनस काही नाही" असं सांगतात. त्यांच्या आमटीत कढीपत्त्याची पानं सात असतात आणि दाण्याच्या कुटाचा कण दीड मिलिमीटरहून मोठा चालत नाही. आवडलेल्या पदार्थाला ते "छान" म्हणत नाहीत. "पास," म्हणतात. काकूंचा स्वयंपाक चव्वेचाळीस वर्षं पास होतो आहे आणि काकूंना त्याचं काडीचंही कौतुक नाही.

एकदा एका नव्या रेस्टॉरंटने आसपासच्या ब्लॉगरना जेवायला बोलावलं. काकांनाही बोलावणं आलं. सोबत मी गेले. बाकीचे ब्लॉगर पंचविशीतले, हातात गोल दिवे घेतलेले. काका सफारीत. समोर इवलासा वडापाव आला, वर काडी टोचलेली. काकांनी खिशातून पट्टी काढली. वेटर घाबरला. त्याला वाटलं, सरकारी तपासणी आली.

"सर, कुछ प्रॉब्लेम है क्या?"

"प्रॉब्लेम नहीं है बेटा, वडा नहीं है," काका शांतपणे म्हणाले. "पाव साठ मिलिमीटर, वडा बाईस. बीच में क्या है?"

पुन्हा बोलावणं आलं नाही.

आता असा माणूस पाककृती लिहितो म्हटल्यावर ती डोळे मिटून करावी की नाही? मी केली. अळूवड्या. पानं अठरा, बेसन दोनशे दहा ग्रॅम, तीळ दोन चमचे, सगळं दिलेलं होतं. चिंच नव्हती. माझ्या आईच्या लगेच लक्षात आलं असतं, पण मी ऑफिसच्या कॅन्टीनवर पोसलेली बाई. त्या वड्या मी गणेशोत्सवाच्या बैठकीला डबा भरून नेल्या. पाच मिनिटांत सगळ्यांचे घसे खवखवायला लागले. कुणाला बोलता येईना. त्यामुळे सजावटीपासून आरतीच्या वेळेपर्यंत सगळं एकमताने ठरलं आणि बैठक आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच वेळेवर संपली. गेटवरच्या गार्डलाही मी दोन वड्या दिल्या होत्या. तो आठवडाभर मला बघून नुसता हात जोडायचा.

दिवाळीत शंकरपाळे केले. त्यात मोहन घालायचा उल्लेखच नव्हता. "यार केतकी, हे खायचं आहे की टाइल्स बसवायच्या आहेत?" असं नवरा म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे गेला.

मी काकांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांना वाईट वाटेल म्हणून जरा घाबरतच सांगितलं, तर ते खूशच झाले. "मोहन राहिलं? असं असं. कॉमेंट टाक की." मग एकदम घाईने, "नको, थांब. तू नको टाकूस."

मला त्याचा अर्थ लागला नाही. पण ब्लॉग उघडून पाहिला तर कॉमेंट आधीच आलेली होती. दर शनिवारी ती यायची, बहुतेक अर्ध्या तासाच्या आत. सही एकच अक्षर. "मोहन नाही. दगड होतील. मु." त्याआधी, "चिंच कुठे आहे? घसा धरेल. मु." खाली काकांचं उत्तर, "त्रुटी निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहे. कळावे, अ. ना. निमकर." पाककृती मात्र होती तशीच. मूळ कागदावर खाडाखोड करायची नसते, हा त्यांचा कारखान्यातला नियम. कॉमेंट आली की काका लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचे, "आज रिजेक्शन आलं!" रिजेक्शन आल्यावर पेढे वाटल्यासारखं तोंड करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या थंडीत काकांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, एकामागून एक. डॉक्टरांनी काही दिवस डोळ्यांना ताण देऊ नका असं सांगितलं. काकांनी त्याचा अर्थ महिनाभर स्क्रीनकडे बघायचं नाही असा काढला आणि काटेकोर पाळला. ब्लॉगचं काम माझ्याकडे आलं. शनिवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन वर जायचे, काका काळा चष्मा लावून सोफ्यावर ताठ बसायचे आणि सांगायचे.

"लिही. साबुदाणा एकशे ऐंशी ग्रॅम. उकळत्या पाण्यात चार तास भिजवावा."

उकळत्या पाण्यात साबुदाण्याची खळ होते हे मलासुद्धा कळतं. पण म्हातारपण आहे, विसरतात, आपण सांभाळून घ्यावं, असा मोठेपणा माझ्या अंगात संचारला. मी "हो काका" म्हटलं आणि "थंड" टाइप केलं. पुढच्या शनिवारी तिळाचे लाडू. पाक पूर्ण गार झाल्यावर तीळ घालावेत, म्हणाले. मी गरम पाकात घालून टाकले. तिसऱ्या शनिवारी थालीपीठ, चौथ्या शनिवारी गुळपोळी. चारही दुरुस्त केल्या आणि एका अक्षराने त्यांना कळू दिलं नाही. केवढं समाधान वाटलं म्हणून सांगू! शिवाय लोकांच्या कॉमेंट यायला लागल्या. "सर, पहिल्यांदाच जमलं!" "काका, बिल्कुल आईच्या हातची चव!" मी त्या मोठ्याने वाचून दाखवायचे.

"आणखी कुणाची?" काका विचारायचे.

"नाही, एवढ्याच."

"बरं."

चौथ्या शनिवारी त्यांनी जरा वेळाने विचारलं, "केतकी, ब्लॉग दिसतोय ना गं बाहेर? सगळीकडे? म्हणजे नोएडात वगैरे?"

मला हसू आलं. "काका, नोएडात काय, न्यू जर्सीतही दिसतो."

"न्यू जर्सीचं राहू दे," ते म्हणाले. मग सोफ्याची कड वितीने मोजत बसले. उठता उठता म्हणाले, "पुढच्या शनिवारी सुट्टी. बंदच करू म्हणतो हे सगळं. कोण वाचतंय?"

मी स्वयंपाकघरात काकूंना सांगायला गेले. त्या कढई घासत होत्या. "काकू, काकांना समजवा ना. आता कुठे इतके लोक वाचायला लागलेत."

"त्यांना लोक कुठे हवेत," काकू म्हणाल्या. "एकीने वाचावं म्हणून चाललंय ते. ती मु. म्हणजे आमची मुग्धा."

निमकरांना मुलगी आहे आणि ती नोएडाला असते एवढं मला माहीत होतं. ती कधी येताना दिसायची नाही. काकूच महिन्यातून एकदा मेट्रोने तिच्याकडे जायच्या.

"चांगली नोकरी सोडून तिनं बेकरी काढली," काकू सांगायला लागल्या. "हे उद्घाटनाला गेले आणि पट्टी घेऊन गेले. सगळ्या पाहुण्यांसमोर चौदा त्रुटींची यादी हातात ठेवली तिच्या. केक एका बाजूला चार मिलिमीटर बसलाय, पाटीचं अक्षर तिरकं आहे. लहानपणापासून तेच गं. वही तपासायची, पोळी तपासायची. ती म्हणाली, 'बाबा, जन्मात एकदा तरी मला पास केलंत का?' आणि ह्यांनी काय म्हणावं? 'त्रुटी क्रमांक पंधरा, पाहुण्यांसमोर आवाज चढवला.' झालं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद."

"आणि ब्लॉग?"

"पहिल्या वेळी खरंच चुकलं होतं काहीतरी. तिनं लगेच लिहून पाठवलं, दोन ओळी. हे दिवसभर तेवढंच वाचत बसले. पुढच्या शनिवारी मी बघते तर शिऱ्याचा रवा भाजायचाच नाही असं लिहिलेलं. मी म्हटलं, अहो, हे काय? तर म्हणाले, 'तू मध्ये पडू नकोस. आयुष्यभर मी तिच्या चुका काढल्या. आता तिला माझ्या काढू दे.'"

मला तिथल्या तिथे जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मी काय केलं होतं ते काकूंना सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"चारही?"

"चारही."

"अच्छा," काकू म्हणाल्या. "म्हणून गप्प आहे होय ती. मला वाटलं, कंटाळली बापाला." आणि कढई पालथी घालून त्या पदराला हात पुसत राहिल्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी मी सगळं कबूल करायला वर गेले. काका काळा चष्मा लावून बाल्कनीजवळ बसले होते. "काका, माझ्या हातून एक," एवढं बोलले आणि बेल वाजली.

दारात पस्तिशीची एक मुलगी उभी होती. काकांचंच ताठ नाक. "इकडे एक ऑर्डर द्यायची होती," ती आईकडे बघत म्हणाली. "म्हटलं, भेटून जाऊ." हातात खोका नव्हता, पिशवी नव्हती. रविवारी सकाळी नऊ वाजता सगळी दिल्ली ओलांडून ती रिकाम्या हाताने ऑर्डर द्यायला आली होती.

काका उठून उभे राहिले.

"डोळ्यांना काय झालं?" तिने विचारलं.

"मोतीबिंदू. दोन्ही काढले. आता बरं आहे."

तिने काकूंकडे पाहिलं. "ठीक आहेत म्हटलं होतं ना मी," काकू म्हणाल्या आणि पोहे करायला आत पळाल्या.

पोहे आले. मी उठायला लागले तर काकूंनी मला डोळ्यांनीच बसवलं. चौघांनी चमच्यांचा आवाज ऐकत निम्मी बशी संपवली. मग काकांनी घसा साफ केला.

"बेकरी चालू आहे ना?"

"चालू आहे."

"चांगली आहे."

"तुम्ही परत कधी बघितलीत?"

"न बघता सांगतोय," काका म्हणाले. "चांगली आहे."

मुग्धा मान खाली घालून पोह्यांतले दाणे एका बाजूला करत राहिली. मग तिने बशी पुढे केली आणि म्हणाली, "आई, अजून थोडे."

ती निघाली तेव्हा मी तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झाल्याबरोबर तिने विचारलं, "ब्लॉग सध्या तुम्ही लिहिता का?"

"टाइप करते. आणि," मी मान खाली घातली, "दुरुस्तही मीच केला. चारही वेळा."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग लिफ्टला टेकून इतकी हसली, की हसता हसता तिचे डोळे भरून आले. "सच में? अहो, सलग चार पोस्ट बरोबर आल्या. आईला विचारलं तर ठीक आहेत. दोन वर्षांपूर्वी अँजिओग्राफी झाली तेव्हाही ती ठीक आहेतच म्हणाली होती. मला वाटलं, बाबांना काहीतरी झालंय आणि दुसरंच कुणीतरी लिहितंय."

"म्हणजे ते मुद्दाम चुकतात हे तुम्हाला माहीत होतं?"

"माझे बाबा तिळाच्या लाडवात चुकतील?" ती म्हणाली. "पहिल्या महिन्यातच कळलं. त्यांना सांगू नका हं, मला माहीत आहे म्हणून."

"नाही सांगणार."

"आणि एक करा प्लीज. एक तरी चूक ठेवत जा. बाबा बरे आहेत, हे मला तेवढ्यावरूनच कळतं."

तळमजला आला. तिने डोळे पुसले, बाहेर जाऊन पुन्हा एकदा वळून पाहिलं आणि गेटकडे गेली. मला तिचं आणि त्या वर बसलेल्या काळ्या चष्म्याच्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. मी नऊचं बटण सोडून चौदाचं दाबलं. काकांना जाऊन सांगायचं होतं, की शनिवारची सुट्टी रद्द.