रेख्तेमीरच्या चार काचपेट्या

"ते चित्र बंद कर, व्हीट्स्के. इथे काय बालवाडी भरलीय?" प्रोफेसर आर्नाउट म्हणाले, आणि तिथूनच सगळं बिनसलं.

रेख्तेमीर नगरपालिकेत सदस्यांची सकाळची बैठक भरली होती. कोणत्या घरानं रिकाम्या बाटल्या कोणत्या काचपेटीत टाकायच्या, हे जवळची पेटी बघून ठरवणारा प्रोग्रॅम व्हीट्स्केनं आर्नाउटांच्या लेखातल्या रीतीनं लिहिला होता. तो पसंत पडला तर तिला वर्षभराची नोकरी. नाही तर परत भावाच्या घरी, गोठ्याशेजारच्या खोलीत. चुका सापडाव्यात म्हणून तिनं एक साधनही बनवलं होतं. प्रोग्रॅम प्रत्येक पेटीची जी हद्द आखेल ती त्यात लगेच रंगीत रेघेनं पडद्यावर उमटे. तिचा सगळा जीव त्या साधनात होता. आर्नाउट त्याला खेळणं म्हणत.

चित्र चालू होतं तोवर प्रोग्रॅम गुणी बाळासारखा वागला. व्हीट्स्केनं ते बंद केलं आणि त्यानं मान टाकली. पुन्हा चालू केलं, तर चालला. बंद केलं, तर पुन्हा आडवा.

"कुणी बघत असेल तरच काम करतो होय?" कारभारी हेन्ड्रिकाबाईंनी विचारलं. कॉफीबरोबर एकेक बिस्कीट वाटून त्यांनी डबा केव्हाच मिटला होता. "असे दोघंतिघं आमच्याकडे आधीच आहेत."

व्हीट्स्केचे कान तापले. पण घोळ तिच्या लक्षात आला.

"चौकातल्या चारही पेट्या मधल्या एका जागेपासून अगदी सारख्या अंतरावर आहेत," ती म्हणाली. "तिथे कुणाची हद्द कुणाला भिडते ते प्रोग्रॅमला ठरवता येत नाही. माझं साधन चित्र काढताना पेट्यांचे ठिपके केसभर सरकवतं, म्हणून निभावतं."

"इतकं तंतोतंत जमणं अशक्य आहे," आर्नाउट म्हणाले. "असं कधी होत नाही हे गृहीत धरलंय, तसं लेखात पहिल्याच ओळीत लिहिलंय मी."

"अहो, समुद्र हटवून वसवलेलं गाव हे. पट्टी घेऊन आखलंय," शूर्ड म्हणाला. तो पेट्या उचलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर; माहिती द्यायला आला होता. "दोरी लावून ठेवल्यात मी पेट्या. सूतभर फरक निघाला तर नाव बदलीन."

"दुरुस्तीला वेळ किती?" हेन्ड्रिकाबाईंनी विचारलं.

"असे सगळे प्रसंग हाताळायचे, तर वर्ष," आर्नाउट म्हणाले.

"सात मिनिटं," म्हणत शूर्ड कोट चढवून बाहेर पडला.

सगळे खिडकीशी जमले. चौकात शूर्डनं गाडीवरच्या क्रेननं कोपऱ्यातली पेटी उचलली आणि हातभर बाजूला ठेवली. पेटीतल्या यंत्रानं नवी जागा कळवली, आणि चित्र बंद असूनही प्रोग्रॅम तुरुतुरु चालू लागला. टाळ्या पडल्या.

"मग वर्षभर माणूस कशाला हवं?" हेन्ड्रिकाबाई म्हणाल्या. "क्रेन आहे आपली."

व्हीट्स्केला रडू फुटायचंच बाकी होतं. "साधन चांगलं आहे हो तिचं," आर्नाउट पहिल्यांदाच म्हणाले, पण आता ऐकतंय कोण?

"नोकरी नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा," हेन्ड्रिकाबाईंनी सदस्यांना सांगितलं.

सगळे हात वर गेले. तेवढ्यात पडद्यावरचा प्रोग्रॅम गपकन मेला.

बाहेर ट्रॅक्टरचा आवाज येत होता. समोरच्या शेतातल्या यान्केआजींनी ट्रॅक्टरनं पेटी मूळ जागी ढकलली होती. "कुणी ठेवली रे ही वाकडी?" त्यांचा आवाज काचेतून आत आला. "पडदा उघडला की दिसतं हे. डोकं दुखतं माझं!" मग खाली उतरून, एक डोळा मिटून, त्यांनी दोरी धरली आणि पेटी बरोबर जागेवर आल्याची खात्री केली.

दोरीचं दुसरं टोक शूर्डच्या हातात होतं.

हेन्ड्रिकाबाई खिडकीपासून वळल्या.

"हात तसेच राहू द्या," त्या म्हणाल्या. "मुलीला नोकरी द्या म्हणून मोजते. गाव काही सुधारायचं नाही."